मालतीबाईंचा पुठ्ठा

पुठ्ठ्याला भोकं पाडणं हे काम मी आयुष्यात कधीच हलकं मानलेलं नाही. आजही घरात नवा मिक्सर आला की सगळे मिक्सरकडे बघतात आणि मी खोक्याकडे बघतो. खोकं दाबून बघतो, कोपरा वाकवून बघतो, चांगला कडक असेल तर माळ्यावर ठेवतो. आमच्या सौ. म्हणतात, की निवडणूक होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी खोकी सोडा. त्यांना काय सांगणार? पंच्याण्णव सालच्या विधानसभेला माझ्या एका पुठ्ठ्यानं अख्खं मतदान केंद्र थांबवून धरलं होतं.

तेव्हाचं आमचं नेरूळ म्हणजे सेक्टर जास्त आणि माणसं कमी. एका सोसायटीतून दुसरीत जायचं तर मध्ये एवढं गवत असे, की हातात काठी घेऊन निघावं लागे. खारघरला घर घेतोय असं कुणी म्हणालं तर लोक त्याच्या बायकोकडे सहानुभूतीनं बघत. पण माणसं कमी असल्यामुळे प्रत्येक माणूस प्रत्येकाला पुरवून पुरवून वापरायचा. कुणाच्या घरी पाहुणे आले तर गाद्या तीन घरांतून यायच्या आणि फोन आला तर तो मालतीबाईंच्या घरी यायचा.

मालतीबाई तळमजल्यावर राहायच्या. जन्मापासून दिसत नव्हतं. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सगळी नोकरी काढली आणि रिटायर झाल्या त्या फोन घेऊनच. सोसायटीतल्या सगळ्यांच्या ऑफिसांचे नंबर त्यांना पाठ होते. जिन्यातल्या पावलांवरून माणूस ओळखतात असंही लोक सांगायचे. मला मात्र त्यांनी दोनदा गॅसवाला समजून हाक मारलेली आहे. बोलायच्या ऑफिसातल्यासारख्या, म्हणजे मला 'अहो निकम'. त्यात भाऊ, भाऊजी वगैरे काही नाही.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे फोन करायला गेलो होतो. बाहेर प्रचाराची रिक्षा ओरडत चालली होती. आपण शेजारधर्म दाखवावा म्हणून मी म्हणालो, की मतदानाला मीच घेऊन जाईन तुम्हाला, काळजी करू नका. आंधळ्या मतदाराला सोबती नेता येतो, हे मला पेपरात वाचून माहीत होतं आणि ते माहीत आहे हे सांगायची संधी मी शोधत होतो.

"नेणारे पुष्कळ आहेत, निकम," मालतीबाई म्हणाल्या. "हे होते तोवर हेच न्यायचे. आत मी कानात सांगायचे, हे शिक्का मारायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, तू सांगितलंस तिथंच मारला हो. मी म्हणायचे, बरं."

आता, मालतीबाईंचे यजमान मला माहीत होते. रेडिओवरच्या बातम्यांशी भांडणारा माणूस. त्यांचा पक्ष ठरलेला होता आणि मालतीबाईंचा तो नव्हता, हेही साऱ्या बिल्डिंगला माहीत होतं. म्हणजे त्या 'बरं'मध्ये काय काय असेल ते मला कळलं.

यजमान गेल्यानंतरच्या निवडणुकीत त्या एकट्या गेल्या. तेव्हा केंद्राध्यक्षांनी स्वतः शिक्का मारून दिला. ते पेशानं शिक्षक असावेत, कारण त्यांनी साठ मुलांच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, की बोला आजी, कुणाला द्यायचंय. मालतीबाईंना सांगावं लागलं. टेबलाशी बसलेल्या सगळ्या पक्षांच्या एजंटांनी ते ऐकलं आणि त्या घरी पोचायच्या आत ते नाव घरी पोचलं. सोसायटीचा प्लंबर दुसऱ्या उमेदवाराचा होता. त्यांच्या मोरीचा नळ नंतर पावसाळाभर गळत राहिला.

"एकदा तरी माझं मत माझं मला एकटीलाच माहीत असावं," मालतीबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही. जिंकू दे नाहीतर पडू दे."

दुसरा कुणी असता तर 'खरं आहे' म्हणून चहा पिऊन घरी गेला असता. पण मी न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होतो. तिथं बंदरात जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर माल घेणाऱ्या पार्टीचं नाव, नंबर, देश असं सगळं रंगवावं लागतं आणि ते हातानं काढत बसत नाहीत. पत्र्यात अक्षरं कापलेली असतात, तो पत्रा पेटीवर धरायचा आणि वरून रंगाचा बोळा फिरवायचा. रोज डोळ्यांसमोर तेच बघितल्यामुळे माझ्या डोक्यात चटकन आलं, की मतपत्रिकेवर असाच एक पत्रा ठेवला आणि प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हासमोर एकेक भोक पाडलं, तर मालतीबाई बोटानं भोकं मोजत खाली जातील आणि हव्या त्या भोकात शिक्का मारतील. कुणाला सांगायला नको, कुणाला विचारायला नको. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मी त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, स्वतःवर बेहद्द खूश झालो.

घरी येऊन सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, की एवढा खटाटोप कशाला, त्यांनी तुमच्या कानात सांगितलं तरी चालेल, तुम्ही कुणाचं ऐकता कुठं? या घरात संशोधकाची कदर नाही, हे मी लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात ओळखलेलं होतं.

पत्रा कापायचा तर माप हवं. माझ्यासारख्या सरळ माणसाला वाटलं, की निवडणूक कचेरीत जावं आणि विचारावं. एक दिवस रजा टाकून गेलो. तीन टेबलं फिरून झाल्यावर चौथ्या टेबलाशी एक कारकून जेवणाचा डबा बांधत होता. मी नम्रपणे विचारलं, की मतपत्रिका किती लांब असते, किती रुंद असते आणि दोन उमेदवारांच्या मध्ये किती जागा सोडतात. त्यानं डबा खाली ठेवला. मला बसायला खुर्ची दिली. सरकारी कचेरीत खुर्ची मिळाली की माणसानं सावध व्हावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती. नाव विचारलं, पत्ता विचारला, कागद कुठून आणणार तेही विचारलं. मी म्हणालो, कागद नाही, पत्रा वापरणार. हे उत्तर त्यानं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर हवालदार आला आणि त्यानं आमचा वॉचमन शिवा याला विचारलं, की इथं मतपत्रिका छापणारे कोण राहतात. शिवानं क्षणाचाही विचार न करता आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर दाखवलं. रोज सकाळी मी ज्याला जाता-येता हात करतो, त्या माणसाचा माझ्यावर इतका विश्वास असेल असं वाटलं नव्हतं. मी हवालदाराला खाली मालतीबाईंकडे नेलं. त्यानं चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि जाताना माझ्याकडे बघून मान हलवत गेला. पण गॅलऱ्यांमधून जे बघायचं ते सगळ्यांनी बघितलं होतं. त्या आठवड्यात आमच्याकडे वाटीभर साखर मागायलासुद्धा कुणी आलं नाही.

माप शेवटी मिळालं ते नमुना मतपत्रिकांवरून. उमेदवार त्या छापून घरोघर वाटायचे. खऱ्यासारखीच पत्रिका, रंग वेगळा आणि आपल्या उमेदवाराच्या ओळीशिवाय बाकी सगळं कोरं. मी ठरवलं, की एकाच्या नमुन्यावर विसंबायचं नाही, सगळ्यांचे जमा करून ताडून बघायचे. उमेदवार होते सतरा. म्हणजे मी आमच्या भागातल्या सतरा प्रचार कार्यालयांच्या पायऱ्या चढलो. त्यातलं एक टायरच्या दुकानात होतं आणि एक कार्यालय म्हणजे उमेदवाराची आई होती. छत्री चिन्हाचे अपक्ष शेजारच्या शिरवणे गावचे होते. त्यांच्या मांडवात मला चहा मिळाला आणि गावातले पंढरीशेट माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, "ह्यो आपला मानूस हाय." मी नाही म्हणणार होतो, पण बिस्किटं आली.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मानसिंगराव पिसाळ, मूळ साताऱ्याचे, मार्केटात कांद्याचे व्यापारी. ते एका मोठ्या पक्षाचं काम करायचे आणि सकाळ-संध्याकाळ जीप घेऊन फिरायचे. त्यांनी मला वेगवेगळ्या सहा मांडवांतून बाहेर पडताना बघितलं. सातव्यांदा त्यांनी जीप थांबवली आणि गंभीरपणे विचारलं, की निकम, तुम्ही नक्की कुणाचे? मी म्हणालो, मालतीबाईंचा. त्यावर ते जे हसले ते मला अजून आवडलेलं नाही.

पत्रा कापायचं काम झहूरनं अंगावर घेतलं. झहूर उरणचा, आमच्या यार्डात पेट्यांचे छाप कापायचा आणि माझा डबा अर्धा खायचा. पहिला पत्रा त्यानं इतक्या उत्साहानं कापला, की मालतीबाईंनी नुसता अंगठा फिरवला तर त्यातून रक्त आलं. शिवाय तो पत्रा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढलो तेव्हा शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. हे घेऊन मतदान केंद्रात शिरणं बरं नव्हे. मग झहूर म्हणाला, की निकमसाब, पत्रा नको, एक्सपोर्टचा पुठ्ठा घ्या, तो पण काय कमी नसतो. त्यानं यार्डातल्या एका फाटक्या खोक्याची बाजू घेतली, छान घासली, सतरा भोकं कापली आणि कडांना कापडाची पट्टी लावली. वस्तू खरंच देखणी झाली होती. तिच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघायचं मला सुचलं नाही आणि झहूरला तर ते दिसूनही दिसलं नाही, कारण तो दिवसभर तेच बघत असतो.

वस्तू तयार झाली म्हणजे चाचणी आलीच. मालतीबाईंनी सतरा उमेदवारांचा क्रम ऐकून पाठ केला आणि घरी सराव केला, पण मानसिंगरावांचं म्हणणं पडलं, की सोसायटीच्या आवारातून असली वस्तू बाहेर जाणार असेल तर कमिटीनं ती तपासली पाहिजे. रविवारी सकाळी ऑफिसच्या खोलीत सगळे जमले. खऱ्या उमेदवारांची नावं घातली तर भांडणं होतील म्हणून मी कमिटीच्या आणि सोसायटीतल्या सतरा माणसांची नावं टाईप करून घेतली होती. मानाप्रमाणे मानसिंगराव सर्वांत वर आणि जागा भरायला शिवा वॉचमन सर्वांत खाली. प्रत्येकानं डोळ्यांवर रुमाल बांधायचा, पुठ्ठा ठेवायचा, शिक्का मारायचा. मोजणी मीच केली. शिवा प्रचंड बहुमतानं निवडून आला. मानसिंगरावांना एकही मत नव्हतं. म्हणजे त्यांचं स्वतःचं मतसुद्धा त्यांना मिळालं नव्हतं.

मानसिंगराव फेरमोजणी मागायला उठले. तेव्हा मालतीबाईंनी पुठ्ठा हातात घेतला, कडा चाचपल्या आणि म्हणाल्या, की याला वर-खाली कळत नाही, सगळ्यांनी उलटा ठेवला असणार. मी हुश्श केलं. उलट्या पुठ्ठ्यामुळे वरचं मत खाली गेलं, म्हणजे शिवाची सगळी मतं मुळात अध्यक्षांचीच, हे मी उभं राहून सर्वांना समजावून सांगितलं. मानसिंगरावांना ते लगेच पटलं. मला पूर्ण पटलेलं नव्हतं, कारण दोघा-तिघांना पुठ्ठा सुलटा ठेवताना मी बघितलं होतं. पण असल्या गोष्टी वाढवू नयेत. पुठ्ठ्याचा वरचा उजवा कोपरा मी त्याच दिवशी तिरका कापला. शिवा मात्र त्यानंतर बरेच दिवस गेट उघडायला सावकाश उठायचा.

मतदानाच्या दिवशी मानसिंगरावांनी जीप पाठवली. मालतीबाईंनी ती परत पाठवली. ज्या गाडीतून जाईन तिच्या मालकाला वाटेल मत आपलंच, असं त्या म्हणाल्या. आम्ही रिक्षानं निघालो. त्यांनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती आणि पुठ्ठा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. इतके दिवस मी पुठ्ठ्याचा विचार करत होतो, बाईंचा विचार मी तोवर केलाच नव्हता. हा प्रकार फसला तर आज पुन्हा त्यांना चार माणसांत नाव सांगावं लागणार होतं आणि या वेळी त्या सांगणार नाहीत, तशाच परत येतील, हे मला त्यांच्या हातांकडे बघून कळलं.

शिरवण्याच्या बाजूच्या शाळेत आमचं केंद्र. केंद्राध्यक्ष कुठल्याशा लांबच्या तालुक्यातले मास्तर होते. किडकिडीत, मफलर बांधलेले, समोर नियमांचं पुस्तक. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला आणि घरी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. त्यांनी मध्येच हात वर केला. सोबतीनं शिक्का मारायचा, मतदारानं त्याला सांगायचं, असं पुस्तकात आहे. पुठ्ठा पुस्तकात नाही. मी विचारलं, की पुस्तकात नाही म्हणजे मनाई आहे का? ते म्हणाले, पुस्तकात नाही म्हणजे पुस्तकात नाही. आणि पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

मागे रांग वाढत चालली. रांगेला मतं असतातच. एक जण म्हणाला, आजींना सोडा आत. दुसरा म्हणाला, आजींना सोडा पण ह्या माणसाला सोडू नका. तेवढ्यात मास्तरांनी काही खुणाबिणा आहेत का ते बघायला पुठ्ठा उलटा केला.

मागच्या बाजूला चांगली वीतभर छत्री छापलेली होती.

पेटी पावसात भिजू देऊ नका, हे सांगायला एक्सपोर्टच्या खोक्यांवर छत्री छापलेली असते. जगभरच्या बंदरांत ती कुणाला खटकत नाही. पण आमच्या मतदारसंघात छत्री हे अपक्षाचं चिन्ह होतं आणि मी ती खुद्द केंद्राध्यक्षांच्या टेबलावर आणून ठेवली होती. सगळे एजंट एकदम उभे राहिले. मतदान केंद्रात प्रचार, असं कुणीतरी म्हणालं. माझ्या सतरा मांडवांच्या फेऱ्या एकानं मोठ्यानं मोजून दाखवल्या. मी बंदर, खोकं, पाऊस, झहूर असं काहीतरी बोलत होतो आणि ते माझं मलाच खोटं वाटत होतं. फक्त छत्रीचे एजंट पंढरीशेट शांत बसले होते.

"ऱ्हाऊ द्या ना मास्तर," ते म्हणाले. "आपलाच मानूस हाय. एवढं मनावर घेतलंय त्यानं."

या वाक्यानं मी पुरता बुडालो. दारातल्या पोलिसानं माझ्या दंडाला हात लावला. नोकरी, अब्रू आणि सौ. या क्रमानं माझ्या डोळ्यांसमोर सगळं यायला लागलं. तेव्हा मालतीबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. टेलिफोनच्या बोर्डावर ज्या आवाजात त्या साहेबांना थांबवून ठेवत असतील, तोच तो आवाज होता.

"मास्तर, मला दिसत नाही. ती छत्री आहे की गाय आहे, मला काय कळणार? मागच्या वेळी इथं मला सगळ्यांसमोर नाव घ्यायला लावलं. तुम्ही मत देता तेव्हा कुणाला सांगता का हो?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी सरकारी डिंकाची बाटली काढली, सरकारी कोरा कागद काढला आणि छत्रीवर नीट चिकटवला. कागद सुकेपर्यंत फुंकर घातली. प्रत्येक एजंटाला पुठ्ठा दोन्ही बाजूंनी दाखवला. नंतर कोऱ्या मतपत्रिकेवर तो स्वतः ठेवून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. नमुन्याच्या आणि खऱ्या पत्रिकेच्या लांबीत बोटभराचा फरक निघाला होता. वरून लावला तर खालची भोकं दोन उमेदवारांच्या मध्ये पडत होती. रेघेवर शिक्का म्हणजे मत बाद.

मालतीबाईंनी विचारलं, खालच्या कडेला लावला तर? मास्तरांनी लावून बघितला. खालची बरोबर आली आणि वरची सरकली. म्हणजे वरच्यांपैकी कुणाला द्यायचं तर वरून लावायचा आणि खालच्यांपैकी कुणाला द्यायचं तर खालून. कुठून कुठवर बरोबर येतात ते मास्तरांनी हळू आवाजात दोनदा सांगितलं. मालतीबाईंनी मान हलवली. कुठून लावणार ते अर्थात त्या बोलल्या नाहीत आणि टेबलावरच्या सगळ्यांचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर होते, तरी कुणाला काही कळलं नाही.

"आता एकच," मास्तर म्हणाले. "सोबती आत असला पाहिजे असं पुस्तकात आहे. त्यानं तोंड कुठं करावं ते पुस्तकात नाही."

मी प्रतिज्ञापत्रावर सही केली, की या मतदाराचं मत मी गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती होणार नाही. मग आम्ही दोघं आडोशामागे गेलो. मी त्यांचा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर पहिलीच्या मुलांसाठी फळांचा तक्ता होता. त्या दिवशी मी सीताफळाकडे इतका वेळ बघितलंय, की अजूनही सीताफळ खाताना मला केंद्रात असल्यासारखं वाटतं. मागे कागद सरकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. बोट भोकं मोजत असणार. बाहेर रांग कुरकुरत होती. बाई थांबल्या, परत पहिल्यापासून मोजायला लागल्या असाव्यात. वळून बघायचा मोह मला झाला नाही असं मी म्हणणार नाही. मग ठप्प असा एकच आवाज आला, जोरात, जरुरीपेक्षा जास्त जोरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला आलं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. आपल्याच पुठ्ठ्यासाठी कुणी रडतं का?

पत्रिका त्यांनी स्वतः घडी केली, चाचपत पेटीची फट शोधली आणि आत सोडली. मास्तर उभे राहिले होते.

शाळेबाहेर मानसिंगराव जीपला टेकून उभे होतेच. त्यांनी हसत हसत विचारलं, की काय मालतीबाई, कुणाला दिलंत मग? मालतीबाई थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी खरमरीत बोलतील.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या आणि चेहरा असा खुलला, की मानसिंगरावही बाजूला झाले. रिक्षात बसल्यावर मी म्हणालो, चला आता घरी. तर बाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, की मार्केटवरून घे. मार्केटात काही आणायचं होतं असं नाही. भाजीवालीनं त्यांच्या बोटाची शाई बघून विचारलं, कुणाला मारला शिक्का. नाही सांगणार. पिठाच्या गिरणीपाशी थांबवायला लावलं. तिथंही कुणीतरी विचारलं. नाही सांगणार. वाण्यानं विचारलं नाही, तेव्हा त्याच्यासमोर बोट पुढे करून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्यानं विचारलं. अर्धा तास आम्ही असे फिरलो. "ताई, आपण नक्की कुठं चाललोय?" रिक्षावाल्यानं शेवटी विचारलं, तर मालतीबाई त्यालाही म्हणाल्या, की नाही सांगणार, आणि स्वतःच इतक्या हसल्या, की पुठ्ठा मांडीवरून घसरला.

संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी माझ्याकडे येऊन गेली. आत तुम्हीच होतात, म्हणजे तुम्हाला माहीत असणारच. मी सांगितलं, की मी सीताफळ बघत होतो. कुणाचाही विश्वास बसला नाही. सौ.नी तर रात्रीच्या जेवणात माझ्या आवडीची भरली वांगी केली होती. तीही मी नुसती खाल्ली. जे आपल्याला माहीतच नाही ते गुप्त ठेवायला माणसाला फार कष्ट पडतात, कारण लोक ते मोठेपणा समजतात आणि आपल्याला तो थोडासा घ्यावासाही वाटतो.

आता त्या भागात गवत उरलेलं नाही. फोन खिशात आले आणि मालतीबाईंच्या घरी फोन करायला जायचं निमित्त संपलं. मग पुष्कळ वर्षांनी मतदान यंत्रावर बोटांना कळणारे ठिपके आले, असं पेपरात वाचलं. ते वाचलं तेव्हा त्या नव्हत्या. फार वाटलं.

पण त्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. फोन करायचा नव्हता. खुर्चीत बसलो, चहा झाला, हवापाण्याचं बोलून झालं. माझी घालमेल त्यांच्या लक्षात आली असणार, कारण त्या गालातल्या गालात हसत होत्या. शेवटी मी म्हणालो, की मालतीबाई, आता इथं तिसरं कुणी नाही, मी शपथेवर सही केलेली आहे, मला तरी सांगा.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला आणि निघायला उठलो. दारापर्यंत गेलो तोवर त्यांनी मागून हाक मारली.

"अहो निकम, जरा बसा. पुन्हा एकदा विचारा ना."

मी परत येऊन बसलो आणि विचारलं.